वाफेपासून आरशापर्यंत

मुंबईत कुठल्याही चित्रीकरणाच्या जागी तासभर उभं राहिलं, की 'मॅडम व्हॅनिटीत आहेत' हे वाक्य कानावर पडतंच. 'व्हॅनिटीत' म्हणजे त्या लांबलचक वातानुकूलित गाडीत. तिच्यात आरसा, आरशाभोवती दिवे, रंगभूषेचं टेबल, आडवं व्हायला कोच आणि स्वच्छतागृह असतं. हिंदी चित्रपटसृष्टीत ही सोय १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला आली आणि ती आणण्याचं श्रेय अभिनेत्री पूनम ढिल्लन यांना दिलं जातं. बाहेरच्या चित्रीकरणाला गेलेल्या नटीला कपडे बदलायला चादरीचा आडोसा शोधावा लागत होता, त्या काळानंतर आलेली ही गाडी चैनीची कमी आणि गरजेची जास्त. पण जिच्यावाचून आज चित्रीकरण अडतं त्या गाडीला मिळालेलं नाव असं, की तो शब्द इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ 'ज्याचा काहीच उपयोग नाही ते' असा होता.

शब्दाचा अर्थ बदलला म्हणून हळहळण्यात मला रस नाही. अर्थ बदलतच असतात, आणि मुळाकडे परत चला म्हणणारे लोक सहसा त्यांना आवडणाऱ्या एखाद्या मधल्याच मुक्कामाला मूळ समजत असतात. पण काही शब्दांच्या बदलाला दिशा असते. 'व्हॅनिटी' आधी सगळ्या जगाबद्दल बोलत होता, मग माणसाच्या स्वभावाबद्दल बोलू लागला, त्यातही विशेषकरून बाईच्या स्वभावाबद्दल, आणि शेवटी तो न्हाणीघरातल्या कपाटावर जाऊन बसला. जग, माणूस, बाई, कपाट हा उतार आपोआप घडला असं मला वाटत नाही. दर टप्प्यावर कुणाची तरी सोय झाली आहे.

सुरुवात हिब्रूपासून करावी लागते. बायबलच्या जुन्या करारात 'उपदेशक' नावाचं एक छोटं, विलक्षण पुस्तक आहे. परंपरेनं ते शलमोन राजाच्या नावावर असलं, तरी अभ्यासक त्याचा काळ इसवीसनापूर्वी पाचव्या ते तिसऱ्या शतकाच्या दरम्यान धरतात; त्यात फारसी भाषेतून आलेले शब्द आहेत आणि शलमोनाच्या काळी ते असणं शक्य नव्हतं. या पुस्तकाच्या गाभ्याशी एक शब्द आहे, 'हेवेल'. बारा छोट्या अध्यायांत तो ३८ वेळा येतो. त्याचा साधा अर्थ श्वास, वाफ. थंडीत तोंडातून निघते आणि हाताला लागत नाही, ती. उत्पत्तीच्या कथेत भावाच्या हातून मारल्या जाणाऱ्या हाबेलचं नावही हेच. हिब्रूत तो 'हेवेल'च आहे आणि त्याचं आयुष्यही तेवढंच टिकतं.

'उपदेशक' काय म्हणतो? तो राजाच्या तोंडून बोलतो. मी घरं बांधली, मळे लावले, तळी खोदली, सोनं-रुपं साठवलं, गाणारे आणि गाणाऱ्या ठेवल्या, शहाणपणही कमावलं. आणि हे सगळं हेवेल, वाऱ्याच्या मागे धावणं. इथे बोलणारा कोण आहे हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ज्याच्याकडे सर्व काही आहे तो स्वतःबद्दल बोलतो आहे. उपाशी माणसाला 'भाकरी मिथ्या आहे' असं सांगणारा हा ग्रंथ नाही. उलट खा, प्या, कामात सुख माना असं तो पुन्हा पुन्हा म्हणतो. त्याचा निवाडा सत्ता, संपत्ती आणि विद्या यांच्यावर आहे, आणि तो प्रथमपुरुषी आहे.

ग्रीक भाषांतरकारांनी हेवेलसाठी 'मातायोतेस' हा शब्द घेतला. त्यात वाफ नाही. आहे तो निष्फळपणा, उद्देश न साधणं. पुढे चौथ्या शतकाच्या अखेरीस बायबलचा लॅटिन भाषांतरकार जेरोम बेथलेहेममध्ये बसून 'उपदेशका'वर टीका लिहू लागला, तेव्हा मूळ शब्दात वाफ आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं. इतर ग्रीक भाषांतरांनी 'वाफ' असाच अर्थ केला आहे, चटकन विरून जाणारा धूर किंवा झुळूक असा तो आहे, अशी नोंद त्यानं स्वतःच केली. तरीही त्यानं लॅटिनमध्ये जुनी वाट सोडली नाही. 'वानुस' म्हणजे रिकामा, त्यावरून 'वानितास'. एका दिसणाऱ्या, सरकणाऱ्या गोष्टीच्या जागी एक भाववाचक नाम आलं. वाफ वाईट नसते, फक्त टिकत नसते. रिकामेपणात मात्र दोष ऐकू येतो: काहीतरी असायला हवं होतं आणि ते नाही.

या टीकेमागची हकीकत विसरू नये अशी आहे. जेरोमनं रोममध्ये हे पुस्तक प्रथम ब्लेसिला नावाच्या तरुण विधवेला शिकवलं होतं, आणि हेतू उघड होता: तिच्या मनात जगाविषयी तिटकारा निर्माण करणं. ऐश्वर्यात वाढलेली, नटण्यामुरडण्याची हौस असलेली ही मुलगी एका आजारपणानंतर कडक व्रतवैकल्यांकडे वळली आणि ३८४ साली, विशीतच, वारली. अंत्ययात्रेत रोमचे लोक कुजबुजले, की उपासांनी पोर मारली, या संन्याशांना शहराबाहेर काढा. ही कुजबुज जेरोमनं स्वतःच्याच पत्रात नोंदवून ठेवली आहे. पुढच्या वर्षी त्यानं रोम सोडलं. म्हाताऱ्या राजानं आपल्या महालांबद्दल काढलेला उद्गार एका विशीतल्या मुलीच्या आरशावर रोखला गेल्याचं इतकं जुनं उदाहरण दुसरं मला माहीत नाही. शब्द अजून इंग्रजीत पोचायला आठशे वर्षं होती.

दरम्यान मठांमध्ये या शब्दाला एक जोडीदार मिळत होता. इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या साधूंनी मनाला घेरणाऱ्या आठ दुष्ट विचारांची यादी केली होती आणि तिच्यात 'रिकामी कीर्ती' आणि 'गर्व' वेगवेगळे होते. गर्विष्ठाला कुणाचीच गरज वाटत नाही. रिकाम्या कीर्तीच्या मागे लागलेल्याला टाळ्या वाजवणारं कुणीतरी लागतं. जॉन कॅसियन या संन्याशानं हा विचार लॅटिनमध्ये आणताना वडीलधाऱ्या साधूंची एक उपमा सांगितली, की हा रोग कांद्यासारखा आहे, एक पापुद्रा काढला की खाली दुसरा असतोच. साधूनं चांगली वस्त्रं टाकली तर तो फाटक्या वस्त्रांचा मान मिरवतो, बोलणं सोडलं तर मौनाचा. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरी यांनी पापांची यादी नव्यानं लावली तेव्हाही 'रिकामी कीर्ती' तिच्यात राहिली. इथे 'रिकामं' हे विशेषण कीर्तीला लागलेलं आहे. पण विशेषण आणि नाम फार काळ एकत्र राहिले, की एकाचा रंग दुसऱ्याला लागतो. रिकामेपणाला बढाईचा वास यायला लागला तो या शेजारामुळे. खरं तर बढाईखोर, खोटारडा असा अर्थ लॅटिन 'वानुस'मध्ये आधीही होता, म्हणजे बी जुनंच होतं.

फ्रेंचमार्गे 'व्हॅनिटी' इंग्रजीत आला तो १२०० सालाच्या आसपास, आणि आला तो निरर्थकपणा हाच मुख्य अर्थ घेऊन. चौदाव्या शतकात स्वतःच्या रूपागुणांचा फाजील अभिमान हा अर्थही दिसू लागतो. त्याच शतकाच्या अखेरीस विक्लिफच्या अनुयायांनी बायबल इंग्रजीत आणलं तेव्हा 'उपदेशका'साठी हाच शब्द वापरला, आणि १६११च्या राजमान्य भाषांतरानं तो कायमचा दगडावर कोरला. पौलाच्या रोमकरांस पत्रात अवघी सृष्टी व्यर्थतेच्या अधीन झाली आहे असा विचार आहे. १६११च्या इंग्रजीत ती 'व्हॅनिटी'च्या अधीन झाली आहे. आजच्या इंग्रजी वाचकाला त्यातून डोंगर-नद्या आरशापुढे उभ्या राहून केस विंचरताहेत असं वाटलं, तर त्याला हसू नये. शब्द तोच आहे, त्याच्या खालून जमीन सरकली आहे.

पण 'व्हॅनिटी' येण्याआधी इंग्रज हा विचार कोणत्या शब्दात मांडत होते? त्यांची स्वतःची, घरची इंग्रजी तेव्हा 'इडेल' म्हणत असे. म्हणजेच आजचा 'आयडल', आळशी. इसवी सन १०००च्या सुमारास एल्फ्रिक नावाच्या भिक्षूनं उत्पत्तीचं पुस्तक जुन्या इंग्रजीत उतरवलं. त्यात सृष्टीच्या आरंभी पृथ्वी 'इडेल' आहे. आळशी नव्हे, रिकामी. जर्मन भाषेतला 'आयटेल' हा याचाच सख्खा भाऊ. मार्टिन लूथरच्या १५३४च्या बायबलात 'उपदेशका'चं जग 'आयटेल' आहे, म्हणजे पोकळ, व्यर्थ. आणि आजच्या जर्मनमध्ये 'आयटेल' म्हणजे कोण? जो सारखा आरशात बघतो तो.

एकाच मुळाचे दोन शब्द. जर्मनीत राहिलेला आरशाकडे गेला, इंग्लंडात गेलेला आळसाकडे. इंग्लंडात आरशाची जागा फ्रेंचांकडून आलेल्या पाहुण्या शब्दानं भरली. वाटा वेगळ्या, पण तिन्ही शब्दांनी एक गोष्ट सारखीच केली: वस्तूचं किंवा जगाचं वर्णन सोडून ते माणसाचं वर्णन करू लागले, आणि वर्णनाचा दोषारोप झाला. हे तीनदा घडलं, म्हणून मी त्याला योगायोग म्हणायला तयार नाही.

मग हे आरोप कुणावर झाले ते पाहावं. 'आयडल' गरिबांवर पडला. १५४७ साली इंग्लंडच्या संसदेनं भटक्यांविरुद्ध एक कायदा केला. काम न करता भटकणाऱ्या धडधाकट माणसाच्या छातीवर तापल्या लोखंडानं व्ही हे अक्षर डागावं आणि त्याला दोन वर्षं गुलाम म्हणून राबवावं, अशी त्यात तरतूद होती. कायदा इतका क्रूर होता की १५५० साली तो मागे घ्यावा लागला. पण १८२४च्या भटक्यांविषयीच्या कायद्यातही 'आयडल आणि बेशिस्त व्यक्ती' हा गुन्हेगारांचा एक अधिकृत वर्ग होताच. जमीनदार दिवसभर शिकारीला गेला तर तो या वर्गात मोडत नसे. आणि 'व्हेन', 'व्हॅनिटी' हे शब्द बायकांवर पडले. रिकामेपणाचा जो निवाडा राजानं स्वतःवर घेतला होता, त्याची वाटणी झाली: अर्धा खाली, अर्धा माजघरात.

चित्रकलेत ही वाटणी डोळ्यांनी दिसते. पंधराव्या शतकाच्या अखेरीस हान्स मेमलिंगनं रंगवलेली, हातात आरसा घेतलेली विवस्त्र स्त्री आज स्ट्रासबुर्गच्या संग्रहालयात आहे. चित्राचं नाव 'व्हॅनिटी'. १९७२ साली कलासमीक्षक जॉन बर्जर यांनी अशा चित्रांबद्दल एक मर्मभेदक निरीक्षण केलं होतं. विवस्त्र बाईकडे बघणं चित्रकाराला आणि गिऱ्हाइकाला आवडत होतं, म्हणून चित्र काढलं. मग तिच्या हाती आरसा दिला आणि दोष तिच्या पदरात घातला. बर्जर यांच्या बोलण्यात थोडी घाई आहे. आरसा हे सत्याचं आणि शहाणपणाचंही जुनं चिन्ह आहे, दर आरसेवालीला पापिणी ठरवलेलं नाही. पण बघणाऱ्याचा हव्यास दिसणारीच्या नावावर लिहिला गेला हे त्यांचं म्हणणं खोडून काढणं अवघड आहे.

याच शब्दाची दुसरी, अधिक प्रामाणिक चित्रपरंपरा सतराव्या शतकात हॉलंडमध्ये, विशेषतः लायडन या विद्यापीठाच्या गावी, बहरली. तिला लॅटिन नावानंच 'वानितास' म्हणतात. टेबलावर कवटी, नुकताच विझलेला दिवा, वाळूचं घड्याळ, पुस्तकं, वाद्यं, कधी साबणाचे फुगे. हार्मेन स्टेनवाइकचं १६४०च्या सुमाराचं एक चित्र लंडनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्यात कवटीशेजारी एक जपानी तलवार आणि दूरच्या समुद्रातून आणलेला शंख आहे. म्हणजे डच व्यापारी पूर्वेकडून जे भरभरून आणत होते, तेच चित्रात 'हे सगळं फोल आहे' असं सांगायला मांडलेलं. आणि चित्र विकत घेणारा तोच व्यापारी. याला ढोंग म्हणण्याचा मोह होतो, पण मला हा प्रकार 'उपदेशका'च्या जवळचा वाटतो. ज्याच्याकडे आहे तो आपल्याच वस्तूंकडे बघून म्हणतो आहे. डेव्हिड बेलीनं तर १६५१च्या चित्रात कवटी, फुगे आणि कोमेजती फुलं यांच्यामध्ये स्वतःचंच चित्र ठेवलं, तरुणपणीचं आणि म्हातारपणीचं दोन्ही.

फ्लॉरेन्सच्या साव्होनारोला या धर्मोपदेशकाला इतका संयम नव्हता. ७ फेब्रुवारी १४९७ रोजी त्यानं शहराच्या मुख्य चौकात मोठी होळी पेटवली. आरसे, सुगंधी द्रव्यं, केसांचे टोप, मुखवटे, पत्ते, वाद्यं, पुस्तकं, चित्रं, सगळं त्यात गेलं. इतिहासात तिला 'व्हॅनिटींची होळी' म्हणतात. अनेकवचनाकडे लक्ष द्यावं. वाफ मोजता येत नाही. व्हॅनिटी मोजता येणाऱ्या, घरोघरी फिरून गोळा करता येणाऱ्या आणि जाळता येणाऱ्या वस्तू झाल्या, की जगाच्या पोकळपणावर विचार करायची गरज उरत नाही. झडती घेतली की पुरे. पुढच्या वर्षी, मे महिन्यात, त्याच चौकात साव्होनारोलाला फाशी देऊन जाळण्यात आलं.

इंग्रजीत या शब्दाला बाजारात नेऊन बसवण्याचं काम जॉन बन्यननं केलं. धर्मप्रवचन करण्याच्या गुन्ह्याखाली बेडफर्डच्या तुरुंगात बारा वर्षं काढलेल्या या भांडी कल्हई करणाऱ्या माणसाचं 'पिल्ग्रिम्स प्रोग्रेस' १६७८ साली छापलं गेलं. त्यात व्हॅनिटी नावाचं गाव लागतं आणि तिथे बारमाही जत्रा भरते: व्हॅनिटी फेअर. घरं, जमिनी, हुद्दे, पदव्या, राज्यं, नवरे, बायका, पोरं, तिथे सगळं विकाऊ आहे. दोन वाटसरू काहीच विकत घेत नाहीत म्हणून त्यांना पकडतात आणि त्यांतल्या एकाला जिवंत जाळतात. हे पुस्तक मराठीतही फार लवकर आलं. हरि केशवजींनी केलेलं त्याचं भाषांतर 'यात्रिक क्रमण' १८४१चं, म्हणजे बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटना'च्याही आधीचं. बन्यनच्या यादीत आरसा आणि पावडर नाही, पदव्या आणि राज्यं आहेत. जुना अर्थ त्याच्याकडे धारदार होता.

तो बोथट कसा झाला? माझ्या मते अठराव्या शतकातल्या तत्त्वचिंतकांनी त्याला कामाला लावलं म्हणून. 'उपदेशका'त एक विचार आहे, की माणसाचे सारे कष्ट आणि सारं कसब शेजाऱ्याशी असलेल्या चढाओढीतून निघतं, आणि तेही हेवेलच. १७५९ साली ॲडम स्मिथनं 'थिअरी ऑफ मॉरल सेंटिमेंट्स'मध्ये जवळजवळ हेच म्हटलं. आपण धडपडतो ती सुखासाठी नव्हे. पोटापुरतं तर मजुरालाही मिळतं. लोकांनी आपल्याकडे पाहावं, दखल घ्यावी, म्हणून धडपडतो. या प्रेरणेला स्मिथनं स्पष्टपणे 'व्हॅनिटी'च म्हटलं आहे. इथपर्यंत दोघे बरोबर चालतात. पुढे स्मिथ वळतो. संपत्तीत सुख आहे हा भास आहे हे त्याला मान्य आहे. पण हाच भास माणसाला कामाला जुंपतो, जमिनी नांगरतो, शहरं वसवतो, म्हणून तो बरा. त्याचा तो प्रसिद्ध 'अदृश्य हात' या पुस्तकात येतो तो याच विवेचनात.

आणि १७७६च्या 'वेल्थ ऑफ नेशन्स'मध्ये काय होतं? आपली स्थिती सुधारण्याची इच्छा तिथेही केंद्रस्थानी आहे. जन्मापासून मरेपर्यंत ती माणसाला सोडत नाही, असं स्मिथ सांगतो. पण आता ती शांत, समंजस, जवळजवळ आदरणीय इच्छा आहे. तिच्या मुळाशी असलेली व्हॅनिटी तिथे पुढे केलेली नाही. पुरुषाच्या, व्यापाऱ्याच्या, राष्ट्राच्या पोकळ धडपडीला नवी, सन्माननीय नावं मिळाली: उन्नती, महत्त्वाकांक्षा, प्रगती. मोठा माल दुसऱ्या गोदामात हलवल्यावर 'व्हॅनिटी'च्या खात्यात जे उरलं, ते म्हणजे टोपी, पावडर आणि आरसा.

सॅम्युएल जॉन्सनच्या १७५५च्या कोशात या बदलाच्या आधीचा क्षण नेमका पकडलेला दिसतो. तिथे 'व्हॅनिटी'चा पहिला अर्थ रिकामेपणा, दुसरा निष्फळ इच्छा, आणि क्षुल्लक कारणावरचा क्षुद्र गर्व अगदी शेवटी. जॉन्सननं स्वतः १७४९ साली मानवी इच्छांच्या व्यर्थतेवर जी दीर्घ कविता लिहिली, तिच्या शीर्षकातही हाच शब्द जुन्या अर्थानं आहे. १८१३ साली जेन ऑस्टेनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मध्ये मेरी बेनेट गर्व आणि व्हॅनिटी यांतला फरक घरच्यांना समजावून सांगते: गर्व म्हणजे आपलं आपल्याविषयीचं मत, व्हॅनिटी म्हणजे इतरांनी आपल्याविषयी बाळगावं असं वाटणारं मत. वाळवंटातल्या साधूंनी केलेला भेदच तो, पुस्तकी मुलीच्या तोंडी. पण आता चर्चा फक्त स्वभावाची आहे. जग निसटलं आहे.

बायका यावर गप्प होत्या असं नाही. मेरी वोल्स्टनक्राफ्टनं १७९२ साली विचारलेला प्रश्न सरळ होता. मुलीला लहानपणापासून रूप हीच तुझी मिळकत असं शिकवायचं, दुसरं काही शिकू द्यायचं नाही, आणि मग ती रूपाकडे बघते म्हणून तिला पोकळ म्हणायचं, हा कुठला न्याय? पुरुषांतही नटवे होते आणि रंगभूमीनं त्यांची भरपूर टर उडवली, हे खरं. पण पुरुषाची व्हॅनिटी प्रहसनाचा विषय होती, बाईची प्रवचनाचा.

थॅकरेनं १८४७-४८मध्ये हप्त्याहप्त्यानं 'व्हॅनिटी फेअर' लिहिली तेव्हा त्यानं बन्यनची जत्रा लंडनच्या दिवाणखान्यांत भरवली. हा माणूस जन्मला कलकत्त्यात, ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरशहाच्या घरी; त्याच्या कादंबरीतला जोस सेडली हाही कंपनीचा कलेक्टर, बंगालहून पैसा आणि अजीर्ण घेऊन परतलेला. शब्दाला पुन्हा पूर्ण रुंदी देण्याचा इंग्रजीतला हा शेवटचा मोठा प्रयत्न म्हणता येईल. पदव्या, लढाया, वारसे, लग्नं, सगळं या जत्रेत आहे, आणि निवेदक स्वतःलाही तिच्यातून वगळत नाही. परिणाम उलटाच झाला. १८६८ साली लंडनमध्ये त्याच नावाचं साप्ताहिक निघालं आणि त्यात आपलं व्यंगचित्र येणं हा मोठ्या लोकांना मान वाटू लागला. पुढे विसाव्या शतकात न्यूयॉर्कमध्ये त्या नावाचं मासिक आलं. बन्यनच्या गोष्टीत ज्या गावात सज्जनाला जिवंत जाळलं, त्या गावाचं नाव असलेल्या मुखपृष्ठावर झळकायला आता लोक धडपडतात.

त्यानंतरचा प्रवास भराभर उरकता येतो. विसाव्या शतकात व्हॅनिटी बॅग आली, व्हॅनिटी टेबल आलं, न्हाणीघरात बेसिनखाली बसवलेलं व्हॅनिटी युनिट आलं, जे आज पुण्या-मुंबईच्या फ्लॅटच्या जाहिरातींतही असतं. आरोप वस्तूला चिकटला आणि तिथे त्याचं विष उतरलं. बेसिनखालच्या कपाटाला पापी म्हणता येत नाही. गाडीच्या हव्या त्या क्रमांकाला अमेरिकेत 'व्हॅनिटी प्लेट' म्हणतात. आपलं आरटीओ त्याला 'पसंतीचा क्रमांक' म्हणून मोकळं होतं.

मराठी वाचकाची स्थिती या बाबतीत बरी आहे असं मला वाटतं. मराठी बायबलमध्ये 'उपदेशक' वाचणाऱ्यासमोर 'व्यर्थ' हा शब्द येतो आणि त्याला आरसा आठवत नाही. व्यर्थ, फोल, वायफळ हे शब्द आपल्याकडे अजून कामाबद्दल, बोलण्याबद्दल, आयुष्याबद्दल बोलतात. गर्वाला गर्व, मिरवणाऱ्याला मिरवणारा. दोन्हींची सांगड घालायची तर 'वृथाभिमान' असा जोडशब्द करावा लागतो आणि त्याचा सांधा दिसत राहतो. पण 'व्यर्थ' हाही निवाडाच आहे, वाफ नव्हे. आणि रिकामा शब्द माणसावर उतरण्याचा रोग आपल्यालाही आहेच: 'रिकामटेकडा' कुणाला म्हणतात आणि 'सेवानिवृत्त' कुणाला, हे पाहिलं म्हणजे कळतं.

इंग्रजीतले अलीकडचे भाषांतरकार या कोंडीतून सुटायची धडपड करताहेत. १९७८च्या एका लोकप्रिय भाषांतरानं हेवेलला 'अर्थहीन' केलं, १९८०च्या दशकातल्या ज्यू भाषांतरानं 'निष्फळता'. मायकेल फॉक्स या अभ्यासकानं फ्रेंच लेखक काम्यूच्या वाटेनं जाऊन 'विसंगत', 'ॲब्सर्ड' हा अर्थ सुचवला. रॉबर्ट ऑल्टरनं २०१०मध्ये सगळ्यांना बाजूला सारून पुन्हा 'श्वास' आणला. मला ऑल्टर पटतो, पण थोडी चुटपुटही लागते. 'अर्थहीन' या शब्दानं बोलणारा राजा सुटतो, कारण दोष जगाचा ठरतो. 'श्वास'नंही तो सुटतो, कारण श्वास सुंदर असतो. 'व्हॅनिटी' हा शब्द कितीही बिघडला असला तरी त्यात एक गोष्ट होती: जगाची पोकळी आणि त्या पोकळीवर इमले बांधून मिरवणारा मी, या दोन्हींना तो एका दमात पकडत होता. राजाच्या भाषणात या दोन्ही गोष्टी आहेतच. आपली तळी आणि मळे तो ज्या तपशिलानं मोजून दाखवतो, त्यात फक्त वैराग्य नाही.

गंमत अशी, की हे दुहेरी माप अलीकडे परत दिसलं ते धर्मशास्त्रात नव्हे, नवउद्योगांच्या जगात. तिथे 'व्हॅनिटी मेट्रिक्स' असा शब्दप्रयोग चालतो. एरिक रीसच्या २०११च्या 'द लीन स्टार्टअप' या पुस्तकानं तो सर्वत्र नेला. ॲप किती लोकांनी उतरवून घेतलं, पानावर किती जण आले, किती 'लाइक' पडले, हे आकडे सादरीकरणात झळकतात आणि धंदा चालतो आहे की नाही याबद्दल काहीही सांगत नाहीत. इथे 'व्हॅनिटी'चा अर्थ एकाच वेळी पोकळ असाही आहे आणि मिरवण्यासाठी असाही. आणि हा शब्द वापरणारा संस्थापक तो, निदान रीसच्या अपेक्षेप्रमाणे, शेजाऱ्यावर नव्हे तर स्वतःच्याच तक्त्यावर लावतो: गुंतवणूकदारांना दाखवलेले माझे कोणते आकडे खोटे नाहीत, पण रिकामे आहेत?